अकरा महिन्यांचा माल

करसल्लागार बाईंनी शेअरच्या सौद्यांचा बासष्ट पानांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, त्यावर पेपरवेट ठेवला आणि चष्मा कपाळावर सरकवून स्टोअरकीपरांना अगदी सहज विचारलं, "तुमच्या ताई दिवसभर हाच धंदा करतात का?"

"नाही हो. शिवणकाम करते ती. शाळेचे गणवेश."

"म्हणजे तो जोडधंदा," असं म्हणून बाई कागदावर काहीतरी लिहू लागल्या.

स्टोअरकीपर मोठ्याने हसले. बाई गंमत करताहेत असं त्यांना वाटलं. बाई हसल्या नाहीत, तेव्हा त्यांचं हसू अर्ध्यावर थांबलं आणि त्याचं काय करावं ते त्यांना कळेना. खरं तर ते आज मोठ्या ऐटीत आले होते. ताईला रस्त्यावरचा गाळा घ्यायचा होता, गाळ्याच्या कराराला मागच्या तीन वर्षांची करविवरणं लागणार होती, आणि ताईचे पैसे तीन वर्षं ज्याने सांभाळले तो हुशार भाऊ म्हणजे आपणच, हे कुणाला तरी सांगायची त्यांना घाई झाली होती.

त्यांना ओळखणारं कुणीही त्यांना नावाने हाक मारत नसे. पंपांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं ते स्टोअर सांभाळत होते आणि सहीशिवाय एक वॉशर त्यांनी दाराबाहेर जाऊ दिला नव्हता. त्या सव्वीस वर्षांत दोन नियम त्यांच्या हाडीमाशी खिळले होते. पहिला, माल कधी एकदम उतरवायचा नाही, थोडा थोडा घ्यायचा. दुसरा, शेल्फवर वर्षभर पडून राहिलेला माल म्हणजे डेड स्टॉक. डेड स्टॉक निघाला की हिशेबतपासनीस येतात, लेखी खुलासा मागतात, आणि स्टोअरकीपरच्या अब्रूचं खोबरं होतं. म्हणून अकरावा महिना लागला की ते ती वस्तू कशीही करून काढून टाकत. पुरवठादाराला परत करत, दुसऱ्या खात्याला देत, नाहीतर फिटरच्या गळ्यात मारत. त्यांच्या स्टोअरमध्ये एकाही वस्तूचा पहिला वाढदिवस कधी झाला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी ताईने शिलाईतून साठवलेले पाच लाख त्यांच्या हवाली केले. ताई जिन्याखालच्या खोलीत बसून शिवायची. तिथे गिऱ्हाइकाला वाकून यावं लागे, आणि वाकून आलेलं गिऱ्हाईक सरळ होताना हमखास डोकं आपटून घेई. रस्त्यावरचा एक गाळा, एवढंच तिचं मागणं होतं. त्यासाठी सहा लाख अनामत लागणार होती. "मला यातलं काही कळत नाही, तुला कळतं," असं ती म्हणाली. वाईट एवढंच झालं, की हे त्यांनाही खरं वाटलं.

त्यांनी एक पुस्तिका वाचून काढली आणि ईटीएफ निवडला. शेअर बाजारातल्या सगळ्या मोठ्या कंपन्यांचा चिमूट चिमूट हिस्सा एका पुडीत बांधलेला, आणि ती पुडी शेअरसारखीच बाजारात घ्यायची नि विकायची. त्यावर फंडाचा खर्च वर्षाला हजारामागे एक. "हजारामागे एक," त्यांनी ताईला बजावून सांगितलं होतं. "फुकटच म्हण ना." इथवर त्यांचं काही चुकलं नव्हतं. पुस्तिकेचं पुढचं प्रकरण 'सौद्यांचा खर्च आणि कर' असं होतं, ते त्यांनी चाळलं. त्यांचं मत असं, की नियम माहीत असलेल्या माणसाला प्रकरणं वाचायची गरज नसते.

"चारशे बारा सौदे आहेत," बाई पानं उलटत म्हणाल्या.

"थोडं थोडं घेत गेलो. एकदम घ्यायचं नाही, असा माझा नियम आहे."

"आणि प्रत्येक सौद्याला दलालीचे वीस."

"वीस म्हणजे काय हो. एक चहा."

"चारशे बारा चहा झाले," बाई म्हणाल्या. "शिवाय त्यावरचे इतर आकार. शिवाय घ्यायचा भाव आणि विकायचा भाव यांच्यात जी फट असते, ती दर वेळी तुमच्याच खिशातून भरली गेली. सगळं मिळून एकवीस हजार."

स्टोअरकीपर म्हणाले की असं कसं होईल, खर्च तर हजारामागे एक असतो, पुस्तिकेत छापलंय. बाईंनी शांतपणे सांगितलं की तो फंडवाल्यांचा खर्च, आणि तो बरोबरच आहे. हा तुमचा स्वतःचा खर्च. हा कुठल्याच पुस्तिकेत छापलेला नसतो, कारण कोण किती वेळा हात घालणार हे छापणाऱ्याला आधी माहीत नसतं.

मग त्या करावर आल्या. प्रत्येक विक्रीत थोडा नफा झाला होता आणि प्रत्येक नफ्यावर कर लागत होता. स्टोअरकीपरांना इथे एकदम धीर आला. त्यांनी सांगितलं की तसा प्रश्नच येत नाही, कारण विकलं त्याच दिवशी परत घेतलं होतं, पैसे घरात आलेच नव्हते.

"घरात आणायचे की नाही हा तुमचा प्रश्न," बाई म्हणाल्या. "कर विकताक्षणी लागतो. दोन वर्षांचा भरलेलाच नाही, तर दंडही आहे. आता मला एक सांगा. बारा महिने ठेवून विकलं की कर पुष्कळ कमी लागतो. तुम्ही प्रत्येक वेळी अकरा महिन्यांनी विकलंय. हे बघा, अकरा महिने. हे अकरा महिने. हे अकरा महिने दोन दिवस, मध्ये सुट्टी आली असेल. इतक्या नेमाने चुकलेला माणूस मी पाहिलेला नाही. यामागे काही कारण आहे का?"

कारण होतं. स्टोअरकीपरांनी ते सांगितलं. शेल्फ, डेड स्टॉक, हिशेबतपासनीस, लेखी खुलासा, सगळं सांगितलं. सुरुवातीला त्यांचा आवाज खणखणीत होता. पुढे तो आपोआप खाली येत गेला आणि शेवटचं वाक्य त्यांनी पेपरवेटला सांगितलं.

बाईंनी पेपरवेट बाजूला सरकवला. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडचा माल पडून राहिला की गंजतो, म्हणून काढता ना?"

"हो."

"हा गंजत नाही."

त्यांनी आकडे मांडून दाखवले. पाच लाख पहिल्याच दिवशी एकदम घेऊन कुणी त्यांना बोट लावलं नसतं, तर आज साडेसहा झाले असते आणि कर जाऊन सहा लाख सदतीस हजार ताईच्या हातात पडले असते. आता दंडासकट कर भरून पाच लाख नव्वद हजार उरत होते. गाळ्याला दहा हजार कमी. आणि सत्तेचाळीस हजार कुणी चोरले नव्हते, हरवले नव्हते, बुडाले नव्हते. ते त्यांनी स्वतः, रोज सकाळी आंघोळ करून, मन लावून घालवले होते.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं. पण बाईंचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं आणि खाली दातांचा दवाखाना होता. ते जिना उतरून गेले. उतरताना प्रत्येक पायरीला त्यांच्या मनात 'वीस' असा आकडा येत होता.

घरी बायकोने तोंड बघूनच ओळखलं. सगळं ऐकून ती म्हणाली की उठा आणि ताईंना सांगून या. स्टोअरकीपर म्हणाले, सांगतो, पण आधी दहा हजारांची सोय करू, म्हणजे गाळ्याचं अडणार नाही, मग सवडीने सांगू. सवडीने म्हणजे कधीच नाही, हे सोळा वर्षं संसार केलेल्या बाईला सांगावं लागत नाही. त्यांनी घरातल्या ठेवीकडे बोट दाखवताच ती म्हणाली, "खोटं बोलायला पैसे लागत असतील, तर ते तुमचे तुम्ही उभे करा."

त्यांनी कारखान्यात उचल मागायचं ठरवलं. अर्जावर 'कारण' असा रकाना होता. त्यात त्यांनी लिहिलं, 'बहिणीच्या गाळ्यासाठी'. खोटं लिहायचं नाही म्हणून खरं लिहिलं आणि त्यातच फसले. मॅनेजरसाहेबांनी बोलावून घेतलं. बहिणीचे पैसे तुम्हीच गुंतवले होते ना, आणि त्यातून गाळा होतोय ना, असं कौतुकाने विचारलं. दहा हजार वरखर्चाला असणार, हे त्यांनीच ठरवून टाकलं आणि अर्जावर सही केली. सही करता करता त्यांना कल्पना सुचली. आपल्या कामगारांना बचतीचं काही कळत नाही, शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर तुम्ही अर्धा तास सगळ्यांशी बोला. मंजूर झालेला अर्ज अजून साहेबांच्याच हातात होता. स्टोअरकीपर हो म्हणाले.

शनिवारी पॅकिंग विभागात साठ माणसं जमली. स्टोअरकीपरांनी आठवडाभर ते न वाचलेलं प्रकरण चार वेळा वाचलं होतं आणि आता ते तोंडपाठ झालं होतं. खोटं शिकवायला जीभ रेटेना, खरं सांगायची छाती होईना, म्हणून त्यांनी मधला रस्ता काढला. "माझ्या ओळखीचा एक माणूस आहे," अशी त्यांनी सुरुवात केली.

सभा रंगली. चारशे बारा चहांना हशा पिकला. अकरा महिन्यांच्या नियमाला लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसले. मॅनेजरसाहेबांनी डोळे पुसले. स्टोअरकीपरही हसले, कारण एकट्याने गंभीर राहिलं तर संशय आला असता. स्वतःवर साठ माणसांबरोबर हसताना त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या आणि बनियन पाठीला चिकटला होता. लाज इतकी ओली असते हे त्यांना माहीत नव्हतं.

शेवटी फिटर उभा राहिला. तो साधा माणूस. त्याने विचारलं, "पण त्याला कुणी विचारलं नाही का, की बाबा, एक महिना थांबलास तर काय बिघडेल?"

"त्याला विचारणारं कुणी नव्हतं," स्टोअरकीपर म्हणाले. "सगळे त्यालाच विचारायचे."

यावर कुणी हसलं नाही. साहेबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनी वाजवल्या.

त्याच संध्याकाळी दहा हजारांचं पाकीट खिशात घालून ते ताईकडे गेले. जिन्याखाली शिरताना त्यांचंही डोकं आपटलं. ताई कापायच्या टेबलावर आकाशी कापड अंथरून उभी होती. मनाशी त्यांनी सगळी जुळवाजुळव करून ठेवली होती. हसतमुखाने पाकीट द्यायचं, 'हा वरचा नफा, राहिलेला' असं म्हणायचं, चहा घ्यायचा आणि निघायचं. ते खिशात हात घालणार, तेवढ्यात ताईनेच कपाटातून एक पाकीट काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"नाही म्हणू नकोस. दहा हजार तीनशे आहेत."

"कसले?"

"तुझ्या मजुरीचे."

खातं ताईच्या नावावर होतं, म्हणून प्रत्येक सौद्याचा मेसेज ताईच्या फोनवर यायचा. त्यात काय लिहिलंय ते तिला कळत नसे. पण फोन वाजला की तिला वाटे, भाऊ माझ्यासाठी राबतोय. भिंतीवरच्या कॅलेंडरमागे ती पेन्सिलीने रेघ ओढायची, चार उभ्या नि एक आडवी. तीन वर्षांत चारशे बारा रेघा झाल्या होत्या. "एका शर्टाच्या काज-बटणाला मी पंचवीस घेते," ती म्हणाली. "तोच दर धरला. तुझं डोक्याचं काम, त्या मानाने कमीच आहे. पण फुकट राबवून घेतल्यासारखं मला फार दिवस वाटत होतं. लाज वाटत होती बघ."

लाज तिला वाटत होती. स्टोअरकीपरांनी ते पाकीट बघितलं आणि त्यांची सगळी जुळवाजुळव कोसळली. त्यांनी आपलं पाकीट काढून तिच्या पाकिटाशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "ताई, ही प्रत्येक रेघ म्हणजे तुझे पैसे गेले. मी राबत नव्हतो. मी घालवत होतो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ओळखीचा माणूस या वेळी मध्ये आला नाही. ताई ऐकता ऐकता कापत होती. अकरा महिने आले तेव्हा कात्री थांबली.

"म्हणजे अख्खा तागा घ्यायला पैसे हातात होते," ती म्हणाली, "आणि तू वीत-वीतभर कापड आणत होतास. दर वेळी कडेची चिंधी दुकानदाराला सोडत होतास."

"हो."

"आणि वर्ष व्हायच्या आत तेच कापड विकून तेच परत आणत होतास."

"हो."

"कशाला रे?"

सव्वीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर त्यांना पाठ होतं. आता त्यांनी टेबलावरची एक चिंधी उचलून तिची घडी घातली.

"हे मला पहिल्या दिवशी असं सांगितलं असतंस तर मीच म्हटलं असतं, एकदा मापून काप आणि घडी करून ठेव," ताई म्हणाली. "हे मला कळतं की."

"मला वाटलं, तुला यातलं काही कळत नाही."

"मलाही तसंच वाटायचं," ताई म्हणाली.

ती ओरडली नाही, रडली नाही. पाठ फिरवून मशीनवर बसली आणि एक बाही जोडली. मग तिने सांगितलं की तिला राग आलाय आणि तो आठ-पंधरा दिवस तरी राहील. गाळा होईल, दहा हजार तुझे घेते, ते तुझ्याकडून येणंच होतं. गाळा होऊन वर जे सदतीस हजार उरले असते, त्यांत ओव्हरलॉकचं मशीन आलं असतं, ते आता या वर्षी नाही. कडा हातानेच माराव्या लागतील आणि तेवढा वेळ बटणांना कमी पडेल. तेव्हा चारशे बारा शर्टांची बटणं तू लावायची. स्टोअरकीपरांनी मान डोलावली. एका शर्टाला सहा बटणं असतात, हा हिशेब त्यांना घरी पोचल्यावर सुचला.

महिन्याभरात गाळा सुरू झाला. येणारं गिऱ्हाईक ताठ मानेने येऊ लागलं. सुट्टीच्या दिवशी स्टोअरकीपर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बटणं लावू लागले. तिसऱ्या सुट्टीपर्यंत एकोणीस शर्ट झाले होते आणि डाव्या हाताच्या तीन बोटांना चिकटपट्ट्या होत्या. अशात शेजारचा औषधवाला पँटची उंची कमी करायला आला. त्यांच्याकडे बघून त्याने ताईला विचारलं की हेच का तुमचे ते गुंतवणुकीतले भाऊ.

स्टोअरकीपरांनी सुई थांबवली. आता ताई काय ते सांगेल आणि तिने सांगावंच, असं त्यांना वाटलं.

ताई टेपने पँट मापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "हो. माझं सगळं हाच बघतो."

कारखान्यातली साठ माणसं हसली तेव्हा, बाईंनी आकडे मांडले तेव्हा, ताईने मजुरीचं पाकीट दिलं तेव्हाही त्यांना एवढी लाज वाटली नव्हती. ते स्टुलावरून उठलेच. म्हणाले, "अहो, तसं काही नाही. मी हिचे सत्तेचाळीस हजार घालवले. पैसे आले की एकदम घ्या, बारा महिने पुरे होऊ द्या, आणि मुख्य म्हणजे हात लावू नका. काही करायचं नाही. यात एवढंच आहे."

औषधवाल्याने ते नीट ऐकून घेतलं. त्यांच्याकडे पाहिलं, पॉलिश केलेल्या नव्या दाराकडे पाहिलं, वर लावलेल्या पाटीकडे पाहिलं. मग ताईकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "पक्का माणूस आहे हो. खरं काही सांगत नाही." आणि पँट ठेवून निघून गेला.

स्टोअरकीपर दाराकडे बघत उभे राहिले. ताईने त्यांच्या हातातला विसावा शर्ट घेतला, उजेडात धरला आणि दोन्ही बाजूंनी ओढून पाहिला. बटणं शर्टाच्या पुढच्या दोन्ही पट्ट्यांतून आरपार शिवली गेली होती, शर्ट उघडतच नव्हता. सहाही.

"उसव," ती म्हणाली. "आणि हा मोजणीत धरू नकोस."